वाकडा दात

४ फेब्रुवारी
आले एकदाची सासरी! घर ऐसपैस. वर आम्ही, खाली सासूबाईंचा दातांचा दवाखाना. जिन्यापर्यंत लवंगेच्या तेलाचा वास येतो; मला तर आवडला. सासूबाईंचे हात मऊ, बोलणं त्याहून मऊ. थोरल्या जाऊबाईंच्या दातांना तारा आहेत. त्या बोलत नाहीत, नुसत्या मान डोलावतात. जेवताना मी खळखळून हसले, तशी सासूबाईंची नजर माझ्या पुढच्या वाकड्या दातावर गेली. नवरा म्हणाला, आता काही तुझी सुटका नाही. सगळे हसले, मीही. तो दात थेट माझ्या आईचा. मायलेकी हसल्या की परक्यालाही ओळखू येतात.

९ फेब्रुवारी
ब्रेसेसना हो म्हटलं. नव्या सुनेने उगाच वाकड्यात कशाला शिरावं? सासूबाईंनी दातादातावर धातूचा बारका तुकडा चिकटवला आणि मणी ओवावेत तशी तार ओवली. म्हणाल्या, आपल्या घरात सगळं सरळ असतं. ठणका लागलाय. मी आणि जाऊबाई शेजारी बसून नळीने सूप प्यायलो. मला हसू फुटलं. त्यांना नाही.

२ मार्च
तार महिन्याकाठी आवळतात असं ऐकलं होतं. इथे दोन-तीन दिवस झाले की बोलावणं येतं. परवा नवऱ्याला म्हटलं, मला नोकरीवर परत जायचंय. दुपारी खाली बोलावलं. काल उलट उत्तर दिलं. पुन्हा बोलावलं. पक्कड फिरवताना सासूबाई गुणगुणतात. मला आता ‘स’ म्हणता येत नाही. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, आई तुझ्या भल्याचंच करते, आणि हसला. त्याचे दात, जाऊबाईंचे दात, एकाच साच्यातून काढल्यासारखे. आधी कसं दिसलं नाही मला?

११ मार्च
वरचे दात खालच्यांना रबराने बांधलेत. तोंड जेमतेम बोटभर उघडतं. आईचा फोन आला. मला घेऊन जा, असं किती वेळा म्हणाले. ती विचारत राहिली, कोण बोलतंय? सासूबाईंनी फोन हातातून काढून घेतला. म्हणाल्या, लाजते हो तुमची लेक.

१४ मार्च
हत्यारांच्या पेटीतली पक्कड घेऊन न्हाणीघरात शिरले. रबरं तोडली. तार तोडणार तोच जाऊबाई आत आल्या. वाटलं, मदत करतील. त्यांनी माझे हात पाठीमागे धरले आणि मिटल्या तोंडाने, घशातून, सगळ्यांना बोलावलं. नवऱ्यानेच मला खाली नेलं.

१५ मार्च
आता रबर नाही. तार. वरून खालपर्यंत. आरशात बघितलं — तो दात — सरळ. सगळे सरळ.

१७ मार्च
दाराला बाहेरून कडी. खिडकीतून फाटक दिसतं. आई आली होती! सासूबाई तिला सांगत होत्या, दोघं फिरायला गेलीत. मी काच बडवली. आईने वर बघितलं. ओळखावं म्हणून ओठ फाकवले, हसले. ती हलकेच हसली — कुणाच्या तरी सुनेकडे बघून हसावं तशी — आणि गेली. गेली.

१९ मार्च
आज तोंड बघितलंच नाही. उजवा हात धरला. काच बडवणारा हात वाकडाच, म्हणाल्या. मग एकेक बोट —
डाव्या हाताने लिहितेय. कडी वाजली. गुणगुणतायत. नवराही आहे — डावा नको, डावा —