बदलीला पाठवलेली लेक

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणाशी कडाडून भांडावंसं वाटलं की आधी तूच आठवतेस. नवरा गरीब आहे, त्याच्याशी भांडण टिकत नाही. तुझ्याशी टिकतं. तू उत्तर देत नाहीस म्हणून नव्हे, तू जिवंत असतानाही देत नव्हतीस.

तर माझी पिशवी काढायची आहे. पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत गाठ आहे, घाबरण्यासारखं बहुतेक काही नाही, पण काढल्यावर तपासायला पाठवू. त्या 'बहुतेक'वर मी पंधरा दिवस जगतेय. नंतर दीड-दोन महिने जड काही उचलायचं नाही. आणि मी काम करते कुठं, तर कळंबच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात, जिथं उकडीचं पातेलं उतरवायला दोघी लागतात. शनिवार आला की मुंबईची माणसं चुलीवरची भाकरी खायला येतात, तिचे फोटो काढतात आणि अर्धी ताटात टाकून जातात. पण ते सगळं स्वयंपाकघर माझ्या शब्दावर चालतं. दुसऱ्यांच्या चुली फुंकत फुंकत मी इथवर आले. म्हणून प्रश्न पडला, शेटला खरं सांगायचं, की कुणाचं तरी लग्न काढून सुट्टी घ्यायची आणि मग काहीतरी निमित्त काढून ती वाढवायची? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुला बरं वाटंल तसं कर." हे त्याचं ठरलेलं उत्तर आहे, घराला रंग कुठला द्यायचा इथपासून.

तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यापासनं लपवायचं नाय गं." आणि तू नव्हतंच लपवलंस. त्यांच्यापासून नव्हतं.

माझी बारावीची परीक्षा संपलेली. तू कर्जतला त्या शाळेतल्या बाईंकडे स्वयंपाकाला जायचीस. एका सकाळी पिशवीत दोन लुगडी भरलीस आणि म्हणालीस, "लोधिवलीला मामाकडं जाते, मामी आजारी हाय. तवर तू बाईंकडं बदलीला जा." मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. जिला रजा हवी तिनं आपल्या जागी माणूस द्यायचं, नाहीतर कामाचं घर सुटतं, ही कामाला जाणाऱ्या बायकांची रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. मी गेले. बाई माझ्याशी फार गोड वागायच्या. दुपारी पंख्याखाली बस म्हणायच्या, निघताना डब्यात काही ना काही घालून द्यायच्या. मला वाटायचं, माझ्या हातचं आवडतंय. मी खुळी, पोळ्या आणखी पातळ लाटायला लागले.

मग तो दिवस. मी परातीत कणीक मळतेय, तव्यावर एक पोळी आहे. बाई ओट्याशी येतात, माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि विचारतात, "आईचे टाके काढले का गं?" मी म्हणते, "कसले टाके?" बाईंचा हात पाठीवरून उचलला जातो. "अगं बाई! तुला सांगितलं नाही तिनं?" तव्यावरची पोळी करपून धूर निघतो, तरी दोघींपैकी कुणी ती उलटत नाही. माझ्या आईच्या पोटातली गाठ काढली, ती पनवेलला आहे, मामा तिच्याजवळ आहे, हे मला परक्या घरात, कणकेच्या हातांनी कळलं.

तू घरी आल्यावर मी विचारलं. तू म्हणालीस, "तुला सांगून काय झालं असतं? रडत बसली असतीस. परीक्षा होती तुजी." परीक्षा संपली होती, आई. तेव्हा नाही, आज सांगते. संपली होती.

बाईंनी तुला काय वचन दिलं होतं तेही तूच मला मोठ्या कौतुकानं ऐकवलंस. "बाई बोलल्या, तुझी जागा कुठं जात नाही." पोट धरून, दर दोन घरांनी थांबत तू माझ्याबरोबर त्यांच्याकडे गेलीस. बाईंनी तुला खुर्ची दिली. चहा दिला. आणि म्हणाल्या, "तुला आता झेपायचं नाही गं. तुझ्या भल्यासाठीच सांगते. हिचा हात छान बसलाय, हिलाच राहू दे." तू मान डोलावलीस. मी तिथंच उभी होते, मोरीच्या दारात. मला कॉलेजात जायचं होतं हे तुला माहीत होतं, बाईंना तर त्याहून जास्त, त्या शिक्षिका. दोघींनी मला विचारलंसुद्धा नाही. घरी येताना तू म्हणालीस, "घर तर सुटलं नाय ना." मी बदलीला गेले आणि कायमची झाले. पुढं दोन वर्षांनी गाठ परत आली, तेव्हाही आधी बाईंना कळलं. मला तू सांगितलंस तेव्हा तुला उठून बसवत नव्हतं. हे मी तुला माफ केलेलं नाही. लोक म्हणतात मेलेल्या माणसावर राग धरू नये. लोकांच्या आया त्यांना सांगून दवाखान्यात गेल्या असतील.

काल मंगळवार, रिसॉर्ट रिकामं. शेट जांभळाखाली खुर्ची टाकून फोन बघत होते. लग्नाचं निमित्त मी जिभेवर घोळवत नेलं होतं, आणि तोंडातून खरं निघालं. बघ, तुझीच लेक. शेटनी फोन खाली ठेवला. "मावशी, टेन्शन घेऊ नका. तुमची जागा कुठं जातेय?" तेच वाक्य, आई. पुढं म्हणाले, "बदलीला लेकीलाच पाठवा की. दिवाळीत आलेली तेवा बघितलंय, तुमच्यापेक्षा भारी हात हाय तिचा."

माझी लेक कर्जतला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिचा हात माझ्यापेक्षा भारी आहे हे खरंच आहे. 'नाही' म्हणायचं होतं. दुसरी बाई बघा, म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणाले? "पाठवते. फक्त तिला ऑपरेशनचं काय बोलू नका, शेट. मी लोधिवलीला चालले असं सांगनार हाय तिला."

आज संध्याकाळी ते सांगूनही टाकलं. ती उकड मळत होती. कॉलेज बुडेल म्हणून कुरकुरली नाही. "कुठल्या गाडीनं जाणार गं?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, सकाळच्या एसटीनं. किती सहज म्हणाले. तुझ्यावर इतकी वर्षं धरलेला राग कुठं गेला त्या वेळी, कुणास ठाऊक. तिनं मान हलवली आणि भाकरी आणखी पातळ थापायला लागली.

ते बघवलं नाही म्हणून इथं येऊन लिहायला बसले. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. असती सोय, तरी पाठवलं नसतं, कारण तू वाचून एवढंच म्हणाली असतीस, "आता कळलं?" कळलं. शेटला सांगणं सोपं होतं, आई. शेट रडणार नव्हते. भीती नोकरीची होती, पण तिला तोंड देता आलं. लेकीच्या तोंडाकडे बघता आलं नाही.

तुला ते कधीच जमलं नाही. मला जमेल अशी खात्री नाही. पण आताच तिला हाक मारलीय. ती पिठाच्या हातांनीच येतेय, आणि तिला मी आधी हात धुवायला सांगणार आहे, मग बाकीचं.