डॉक्टर म्हणाले

बुधवार, ३ डिसेंबर १९६९
शुभाला ॲडमिट करून आज तिसरा दिवस. गुडघ्याची सूज उतरली तर आता मनगट धरलंय. ताप आहेच. आईला कॉटजवळ राहायची परवानगी, बापाला फक्त चार ते सहा. डॉक्टर येतात सकाळी नऊला. तेव्हा मी भांडुपला कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजत असतो. म्हणजे आमची भेट व्हायची नाही. पोरीला झालंय काय, विचारलं. कुसुम म्हणाली, "सांध्यांचा ताप. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल." किती वेळ? "तेवढं नाही म्हणाले."

शुक्रवार, ५
आज दोन तासांत "डॉक्टर म्हणाले" अकरा वेळा. बोटांवर मोजलं. डॉ. म्हणाले उशी उंच ठेवा, डॉ. म्हणाले पाय लोंबकळू देऊ नका. हे डॉ. म्हणे उभ्याउभ्या बोलतच नाहीत, कॉटवर बसतात. आधी बाहुलीची छाती तपासतात, मग शुभाची. सांगताना मायलेकी दोघी हसत होत्या. माझ्या विनोदाला घरात कुणी हसल्याचं आठवत नाही.
शुभासाठी लिमलेटच्या गोळ्या नेल्या होत्या. म्हणते कशी, "डॉक्टरकाकांना विचारून खाते." सात वर्षांची माझीच पोर! गोळ्या परत खिशात. घाटकोपर येईपर्यंत मीच संपवल्या.

सोमवार, ८
कुसुमनं पोपटी पातळ नेसलेलं. लग्नकार्याचं. "आज काय विशेष?" म्हटलं. "धुतलेलं तेवढंच होतं," म्हणाली. असेलही. पण वेणीसुद्धा नीटनेटकी. आठ दिवस हॉस्पिटलच्या फरशीवर झोपणारी बाई...
"आज किती वेळ बसला होता तो?"
"कोण?"
"तुझा डॉक्टर."
"असतील दहा मिनिटं. अहो, ऐका ना, ते म्हणाले..."
"पुरे."
पाठ करून शुभाची चादर सारखी करू लागली. घरी येऊन पिठलं टाकलं, तेही करपलं.

गुरुवार, ११
चमचा शोधत कुसुमची पिशवी उपसली. तळाशी चार घड्या घातलेला कागद. निळ्या शाईचं चित्र, पेरूसारखं काहीतरी, त्यात दोन दारं, बाण. खाली वळणदार अक्षरात: "कुसुमताई, घाबरू नका. विचारत राहा."
ताई म्हटलंय हे मान्य. पण नाव कशाला हवं? शुभाची आई म्हणता येत नाही? लग्नाला दहा वर्षं झाली, मी तिला चार ओळी लिहिल्या नाहीत. बाळंतपणाला गावी गेली तेव्हासुद्धा पत्रं सासऱ्यांच्या नावानं. आणि हा कोण कुठला, तिला धीर देतो, तोही लेखी.
कागद होता तसा ठेवला. विचारलं काही नाही. जळतोय मी. लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

शनिवार, १३
स्टोअर्समधल्या सावंतशी पाळी बदलून सकाळीच हॉस्पिटलात. इस्त्रीचा शर्ट. सिस्टर म्हणाली, "वडील चारला." हललो नाही.
तो आला. मला वाटलं होतं राजबिंडा असेल. ठेंगणा निघाला. चाळिशी उलटलेली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. जरा बरं वाटलं. कॉटवर बसला, बाहुली झाली, शुभा झाली. मग माझ्याकडे वळून, "बरं झालं आलात. झडपेचं यांनी सांगितलं असेलच."
झडप? कसली झडप? कुसुम पदराचं टोक पिळत होती.
मी म्हटलं, "हो, सांगितलं ना."
"तुम्हाला काही विचारायचंय?"
"नाही. काही नाही."
तो पुढच्या कॉटकडे गेला. एवढा गाढवपणा मी जन्मात केला नव्हता. बायकोनं मला अंधारात ठेवलंय हे त्याला कळू नये, एवढ्यासाठी पोरीला काय झालंय ते विचारलं नाही.

रविवार, १४
कुसुमला जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं तिनं. तापानं शुभाचं हृदय धरलंय. त्यातली एक झडप नीट मिटत नाही. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, मोठी होईपर्यंत. धावायचं नाही. झडप सुधारेल, न सुधारेल. पुढेमागे ऑपरेशनही लागेल. पिशवीतलं ते चित्र त्या झडपेचंच. गेल्या सोमवारपासून हे तिला ठाऊक.
"मला का नाही बोललीस?"
"तीनदा सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, एवढं म्हटलं की तुमचं तोंड फिरतं. आल्या आल्या काय विचारता, आठवा जरा. किती वेळ बसला होता तो! पोरीचं काय, ते नाही."
रडली नाही. रडून झालं असावं. कुणासमोर, ते विचारायची हिंमत झाली नाही.

बुधवार, १७
परत सकाळी गेलो. म्हटलं, "डॉक्टर, शनिवारी मी खोटं बोललो. मला काहीच माहीत नव्हतं. पहिल्यापासून सांगा." हसला नाही. सांगितलं, दोनदा सांगितलं. शेवटी विचारलं, "बरी होईल ना?"
"माहीत नाही. सहा महिन्यांनी थोडं कळेल."
कुसुम शेजारी शांत उभी. मला त्याचा हेवा वाटला, आधीपेक्षा जास्तच. हा माणूस माहीत नाही म्हणतो, तरी दोघी त्याच्यावर विसंबून. मी पंधरा दिवस होईल बरी, होईल बरी करतोय, ते कुणी ऐकूनही घेतलं नाही.
तो गेल्यावर शुभा म्हणाली, "बाबा, मी परत लंगडी खेळणार ना?"
हो तोंडात आलं होतं. कुसुम माझ्याकडे बघत होती.
"माहीत नाही गं," म्हटलं.
शुभानं जरा विचार केला. "मग तुम्ही विचारा त्यांना. मी विचारलं की ते नुसती गंमत करतात. आणि काय म्हणाले ते मला खरंखरं सांगा."
सांगतो म्हणालो. उद्या सावंत परत पाळी बदलून देतो का, बघायला हवं.