अंकलच्या टेबलाची हाऊजी

४ ऑक्टोबर, शुक्रवार
केला एकदाचा! आमच्या हाऊजीच्या हॉलच्या मॅनेजरला मेल — आत सिगारेटी ओढतात, माझा दमा बळावतो. 'नो स्मोकिंग'ची पाटी भिंतीवर आहेच, बघतो कोण? माझं नाव सांगू नका म्हटलं.

८ ऑक्टोबर
मॅनेजरचा निरोप: तक्रारी आल्यात, आत एक सिगारेट दिसली तरी हॉल मिळणार नाही. तक्रारी? मी तर एकच केली.
हाऊजीच्या ग्रुपवर कल्ला. पॅट्रिकअंकलनी लिहिलं, "कोण हा हलकट? सापडू दे." मी खाली रागाचं तोंड टाकलं. शी, काय बाई आहे मी.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
वाट लागली. यंदाची हाऊजी शेजारच्या अलेक्सच्या पायाला पैसे जमवायला. इंडस्ट्रियल एरियात मशीनखाली गुडघ्यापासून गेला त्याचा. नवा पाय वसईला जाऊन बसवायचा, आणि हाऊजीचे शुक्रवार उरले दोनच, आजचा आणि पुढचा.
आकडे मीच पुकारते. अर्धी तिकिटं अंकलचं टेबल घेतं, सगळे ओढणारे. आज ओढायला बाहेर गेले. तेवढ्यात अंकलच्या तिकिटावरचा शेवटचा आकडा निघाला, मी पुढचा पुकारला. बाहेरून ऐकून धावत आले, "फुल हाऊस!" सगळे ओरडले, "बोगी!" पुढचा आकडा निघाला की क्लेम गेला, नियमच तो. अंकलनी तिकीट फाडलं. "खलास. बाहेर उभं राहून कसली हाऊजी?" अख्खं टेबल उठून गेलं.
गेल्या वेळच्या निम्मेही पैसे जमले नाहीत.

१४ ऑक्टोबर
अलेक्सच्या बायकोचा, बेट्टीचा, फोन. "वसईचे डॉक्टर मापाला बोलावतायत. पैसे जमतील ना? हो सांगू ना?" सांग म्हटलं. माझ्या श्वासापायी त्याचा पाय अडला.

१६ ऑक्टोबर
उद्या अंकलना खरं सांगणार. शिव्या घालू देत, टेबल परत आणू देत.

१७ ऑक्टोबर
सांगितलं. अंकलनी मोबाईल काढून स्वतःचा मेल दाखवला. मॅनेजरलाच, सिगारेटींचीच तक्रार, माझ्या दोन दिवस आधीची.
"आत सिगारेट बंद झाली तर माझी सुटेल म्हटलं, बाय. नाही सुटली. उद्या टेबल आणतो. फक्त मी बाहेर दिसलो की पुढचा आकडा जरा दमानं काढ."