पेडल खाली जातंय

आण्णा,

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा ब्रेक खाली जायला लागला, म्हणून हे लिहायला बसले. एरवी तुमची आठवण काढावी असं काही मनात येत नाही.

गाडीचं दुखणं ओळखायला तुम्हीच शिकवलंत, हे नाकारत नाही. फौजेत ड्रायव्हर होतात. सुटून आल्यावर वडूजला जुनी गाडी घेतलीत आणि सकाळी अंगणात बॉनेट उघडून भावाला पुढ्यात उभं करायला लागलात. "आवाज कुठनं येतोय, सांग." तो चुकला की टाळक्यात चापट. बेल्ट सैल झाला की थंडीत किंचाळतो, क्लच जळायला लागला की उग्र वास येतो, स्टिअरिंग एका अंगाला ओढायला लागलं की आधी चाकं बघायची. मी आत भाकरी थापत असायचे आणि ऐकून ऐकून मला ते सगळं पाठ झालेलं. एकदा त्याच्या आधी मीच आतून उत्तर दिलं. तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. त्यालाच म्हणालात, "पोरीएवढी बी अक्कल न्हाई तुला," आणि आणखी एक ठेवून दिलीत. त्यानंतर मला उत्तर येत असलं तरी मी गप्प बसायचे. तुम्हाला तुमच्या कानांचा फार गर्व होता. जे दुखणं आवाज करत नाही, ते तुमच्या लेखी दुखणंच नव्हतं.

मग तो वर्धनगडचा घाट. भावासाठी मुलगी बघायला तुम्ही तिघं वाईला निघाला होतात. गाडी तो चालवत होता, शेजारी तुम्ही, मागं आई. उतारावर गाडी डोंगराला जाऊन धडकली. आई जागीच गेली, त्याचा गुडघा कायमचा निकामी झाला, तुमच्या कपाळाला खोक पडली. मी सांगलीहून दवाखान्यात पोचले तेव्हा तुम्ही व्हरांड्यात पाहुण्यांच्या घोळक्यात बसून सांगत होतात, "मोबाईलवर बोलत हुतं. मी म्हणतोय ठेव, ठेव, तर ऐकंना." भाऊ आत पडून होता. त्यानं हे ना तेव्हा खोडलं, ना नंतर. वाईच्या पाहुण्यांनी परत निरोप धाडला नाही आणि पुढं दुसऱ्या कुणीही त्याला मुलगी दाखवली नाही.

दहाव्याला आईच्या पिंडाला कावळा शिवेना. सगळी भावकी नदीकाठी उन्हात ताटकळत उभी. तो कुबड्या सावरत पुढं झाला, हात जोडायला लागला, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तू हो मागं. तिला ठावं हाय कुणी खाल्लं ते." तो मागं झाला. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आश्चर्य कशाचं, ते मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी तुम्हाला अर्धांगवायू झाला. त्या लंगड्या माणसानं तुमचं हगणं-मुतणं काढलं, दाढी केली, घास भरवले. भेटायला आलेला कुणी म्हणाला, पोरगं लय करतंय हो तुमचं, तर वाकड्या तोंडानं तुम्ही बोलायचात, "फेडतंय. फेडू दे." तो तिथंच असायचा, तुमची चादर बदलत.

आता तो मलकापुरात असतो, पाण्याच्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं लहानसं दुकान आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडं चालले होते. वाटेत ब्रेकवर पाय दाबून धरला की पेडल हळूहळू खाली बसायचं, दोनदा मारलं की परत वर यायचं. दुकानासमोर गाडी लावून मी त्याला हे सांगितलं आणि म्हणाले, परत सांगलीला गेल्यावर दाखवते. त्यानं खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली.

"गाडी हलवायची न्हाई. मिस्त्रीला हितं बोलावतो."

मिस्त्री आला. बॉनेटखालची ब्रेकच्या तेलाची बाटली भरलेली, चाकांपाशी ओल नाही. त्यानं पेडल दाबून धरलं आणि म्हणाला, "मास्टर सिलेंडर आतनं गेलाय, ताई. तेल भायेर येत न्हाई, आतल्या आत मागं फिरतंय. आवाज न्हाई, थेंब न्हाई, पेडल तेवढं सांगतंय. उतारावर घेतली असती तर खेळ संपला असता."

भाऊ दुकानाच्या पायरीवर बसला. मिस्त्री सामान आणायला गेल्यावर म्हणाला, "असाच जात हुता गं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं. आदल्या दिवशी त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, आण्णा, पेडल खाली जातंय, मिस्त्रीला दावूया. तुम्ही बाटली बघितलीत, तेल भरलेलं होतं. निघताना त्यानं परत विषय काढला, तर म्हणालात, "ब्रेकाला धाड भरली न्हाई. तुझ्या पायात दम न्हाई." घाटात तो पेडल मारत राहिला आणि ते तळाला जाऊन टेकलं. दरीत जाऊ नये म्हणून त्यानं गाडी डोंगराला घातली. त्याच्या हातात मोबाईल नव्हताच.

"मग बोलला का न्हाईस?"

"आण्णांनी माझं पाय धरलं, दवाखान्यात. कुणी नव्हतं तवा. म्हणालं, तू तरणा हायस, लोक इसरतील. मला भावकी जित्ता सोडायची न्हाई." थोडा वेळ गुडघा चोळत बसला. "मला वाटलं, एवढंच लोकांना सांगतील. माझ्यासमोर, घरात दोघंच असताना बी तेच बोलतील, असं न्हाई वाटलं."

आण्णा, भित्रा माणूस मी समजू शकते. बायको मेलेली, कपाळ फुटलेलं, तोंडातून खोटं गेलं असेल. पण ज्याच्या पाया पडून ते खोटं उचलायला लावलंत, त्यालाच नदीवर मागं सारलंत. त्याच्या हातचा घास गिळून त्यालाच पापी म्हणालात. शेवटी शेवटी तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं होतं का, असं मी त्याला विचारलं. "व्हय, वाटत असंल," म्हणाला. तुम्हाला एवढीही सूट द्यायला मी तयार नाही. तुम्ही झोपेत, सुखानं गेलात. तसं व्हायला नको होतं.

कुणाला सांगू नको, म्हणालाय तो. भावकीतल्या म्हाताऱ्यांना मी एकेक करून सांगणार आहे. पण एक कबूल करते. आत्ता दारात तुमची चाहूल लागली, तर हा कागद मी आधी उशीखाली सरकवीन, डोक्यावर पदर घेईन आणि खाली मान घालून तुम्हाला पाणी आणून देईन.