तंतोतंत सारखे फोल्डर

सोमवार, ४ मार्च. दुपारी.
घडले ते असे:
१. आत्याचा जुना कॉम्प्युटर आणि मी निवडून आणलेला नवा कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडले.
२. आत्याला परके वाटू नये म्हणून दोन्हीकडे फोल्डरचे नाव एकच ठेवले. पडद्यावरचे चित्रही एकच.
३. एका फोल्डरमध्ये जे असेल तेच दुसऱ्यात असावे, अशी आज्ञा दिली.
४. दोन्ही फोल्डर आता तंतोतंत सारखे आहेत.
५. दोन्ही रिकामे आहेत.

काम बिनचूक झाले. फक्त दिशा उलटी: जुन्यातले नव्यात जाण्याऐवजी नव्यातले रिकामेपण जुन्यात गेले. आधी एक प्रत काढून ठेवायची असते. ऑफिसात नव्या लोकांना हे मीच शिकवते. आत्या म्हणत होती की पेनड्राइव्हवर घे आणि टाक. मी तिला सांगितले होते की तो हौशी लोकांचा मार्ग आहे.

सोमवार, संध्याकाळी.
आत्या बूट बनवते. ज्यांचा एक पाय आखूड आहे, वाकडा आहे, ज्यांना दुकानातला कुठलाच जोड होत नाही, त्यांच्यासाठी. प्रत्येकाच्या पायाचा नमुना फाइलमध्ये असतो. असायचा. दरवेळी घालून बघायचे, कुठे टोचते ते विचारायचे, थोडे सुधारायचे. असे वर्षानुवर्षे.
आत्याने विचारले की झाले का. मी म्हटले की फाइल्स अजून स्थिरावताहेत. ती म्हणाली, स्थिरावताहेत म्हणजे? अंड्यांवर बसल्यात का?
मी घाबरलेले नाही. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, कारण तो ओला होता.

मंगळवार, ५ मार्च.
शांतपणे विचार केला. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती तिथेच असते. म्हणजे जुना कॉम्प्युटर कोणी चालू केला नाही तर सगळे परत मिळेल. परिस्थिती नियंत्रणात आहे.
आत्याचा फोन. तिने सकाळीच जुना चालू करून पत्ते खेळले. म्हातारा अजून झकास चालतो म्हणे. मी ओरडले. ती म्हणाली, अगं बये, यंत्र आहे ते, बाळंतीण नाही, हात लावला तर काय होतंय?
फोन ठेवल्यावर जिन्यात बसले. जेवण झाले नव्हते, त्यामुळे असेल.

बुधवार, ६ मार्च.
ऑफिसातून लवकर निघून आत्याकडे गेले. जुन्या कॉम्प्युटरवर फाइल्स परत मिळवायचे सॉफ्टवेअर चालवले. मिळाल्या! मग लक्षात आले की मिळालेल्या फाइल्स मी त्याच डिस्कवर उतरवत होते. बुडणाऱ्यांना वर काढायचे आणि उरलेल्या बुडणाऱ्यांच्या डोक्यावर उभे करायचे, तसे झाले. दुसरी डिस्क होती. पण ती बॅगेत, बॅग बाहेरच्या खोलीत, आणि बाहेरच्या खोलीत आत्या.
मोजक्या फाइल्स उघडतात. नावे सगळी गेली. कोणता पाय कोणाचा, हे सांगता येत नाही.

आत्या दारातून म्हणाली की पोस्टाच्या बाईंचा नमुना उद्या छापून दे, परवा त्या घालून बघायला येताहेत. या बाई टपाल वाटतात. उजवा पाय आखूड आहे. लिफ्ट नसलेल्या इमारती त्यांच्याच वाट्याला. मागे एकदा दुकानातले बूट घालून जिन्यावरून पडल्या आणि मनगट मोडून घेतले.

गुरुवार, ७ मार्च.
उघडणाऱ्या फाइल्समध्ये एक उजवा पाय आहे, टाचेला उंची दिलेली. हाच पोस्टाच्या बाईंचा असणार. बहुधा. अहवालात ‘बहुधा’ लिहिणाऱ्यांचे अहवाल मी परत पाठवते.
छापून दिला. आत्याने चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली की बाई जरा अंगाने भरल्यात वाटतं. मी म्हटले, नव्या कॉम्प्युटरवरून छापले की रेघ जाड येते. तिने चामडे कापले.
निर्णय: फरक पडलाच तर एखाद-दोन मिलिमीटरचा पडेल. उद्या मी ऑफिसात असेन.

शुक्रवार, ८ मार्च.
ऑफिसला गेले नाही. आत्याकडे गेले. कारण: केबल परत आणायची होती.
पोस्टाच्या बाई आल्या. कच्चा बूट घातला, उभ्या राहिल्या. जरा सैल आहे पण चालेल, म्हणाल्या, आणि बाहेरच्या जिन्यावर चढून बघते म्हणत दाराकडे निघाल्या. तिसऱ्या पावलाला उजवा पाय आतल्या बाजूला वळला. त्यांनी दाराची चौकट धरली. ज्या हाताने धरली, तोच मागे मोडलेला हात.
मी म्हटले, थांबा. मग सगळे सांगितले. दिशा, रिकामे फोल्डर, ‘बहुधा’, सगळे. आवाज माझाच होता की नाही, खात्री नाही.
बाई खाली बसल्या, बूट काढला आणि म्हणाल्या, मग हा पाय आहे तरी कोणाचा?
आत्या उठली, मोजपट्टी आणली, माझ्या हातात दिली आणि बाईंच्या पायाशी बोट दाखवले. मी खाली बसले. ती म्हणाली, टाचेपासून सुरू कर, इंजिनीअरबाई. आणि दुखतं का ते पट्टीला नको, बाईंना विचार.
मापे तीनदा चुकली. हो, भीतीनेच.

शनिवार, ९ मार्च.
आत्याने सांगितले की सगळ्या गिऱ्हाइकांना तूच कळव, आणि त्यात ‘तांत्रिक’ हा शब्द दिसला तर याद राख. चार वेळा खोडून उरले ते हे. सकाळी सगळ्यांना पाठवले:

नमस्कार. तुमचे बूट बनवणाऱ्या बाईंची मी भाची. तुमच्या पायाचा नमुना माझ्या हातून पुसला गेला. चूक माझी आहे, त्यांची नाही. माप पुन्हा घ्यावे लागेल. ते मी घेईन आणि आत्या तपासेल. तुम्हाला येणे जमत नसेल तर आम्ही घरी येऊ. येणार असाल तर आत्याने बनवलेले जुने बूटच घालून या, त्यांवरूनही माप पडताळता येईल. कोणत्या वेळी जमेल, ते कृपया बुधवार, १३ मार्चपर्यंत कळवा.