फाटकाच्या आत गार्ड

१४ सप्टेंबर २०२०, नास
शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे पोरं चालण्यावरून ओळखावी लागतात. आज दुपारी मोठ्यांच्या शाळेत मारामारी. एका मुलाचा दात पडला, दुसऱ्याच्या दप्तरात म्हणे चाकू सापडला. आधी अ‍ॅम्ब्युलन्स आली, मागून गार्डांची, म्हणजे इथल्या पोलिसांची, गाडी. पोरांना रस्ता ओलांडून देताना धरते ती 'थांबा'ची गोल पाटी आडवी धरून मी बाकीची वाहनं रोखली, त्यांना वाट करून दिली. गाडीत माझा पोरगा निखिल नव्हता. हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडा हिरमोडही झाला. ज्या शाळेत शिकला तिथे तो वर्दीत शिरताना बघायचं राहिलं.

१८ सप्टेंबर
ऑफिसातली मॉरीन सिगरेट ओढायला फाटकाबाहेर आली की बातम्या देते. आज म्हणाली, एक गार्ड कायमचा शाळेतच बसवायचा विचार चाललाय. ऑफिसशेजारी त्याला खोली, रोज हजर. बऱ्याच पालकांना हवाय, बऱ्याच जणांना नकोय.
घरी येऊन पेपर बोट ठेवून वाचला. अमेरिकेत काही गावांनी शाळांतले पोलीस काढून टाकले, का काढले तेही लिहिलंय. दोनदा वाचलं. म्हटलं, ते तिथलं. तिथल्या पोलिसाच्या कमरेला पिस्तूल. आमच्या नि.च्या कमरेला टॉर्च.

२ ऑक्टोबर
नि. जिना चढतानाच ओरडला, "आई, सार्जंटने माझं नाव दिलं!"
शाळेतल्या त्या जागेसाठीच. इथलाच विद्यार्थी, वयाने लहान, पोरांना जवळचा वाटेल म्हणून. ठरलं तर दिवसपाळी, शनिवार-रविवार सुट्टी. रात्रीची ड्यूटी बंद.
यांच्या फोटोपुढे साखर ठेवली. मग नाशिकला जाऊबाईंना फोन.
"गार्ड म्हणजे वॉचमनच ना गं?"
"वॉचमन नाही हो वहिनी. पोलीस. इथे पोलिसालाच गार्ड म्हणतात."
"मग पोलीस म्हण की! मी इथे सगळ्यांना एटीएमपाशी बसतो म्हणून सांगितलंय."
नि. जमिनीवर लोळून हसला.

२३ ऑक्टोबर
परत सगळं बंद. फक्त शाळा चालू. लायब्ररीही बंद, आता घरातलीच पुस्तकं पुन्हा.
नि. सकाळी आला तो खालचा ओठ सुजलेला. कुणाच्या तरी घरी पार्टी चालली होती, बंद करायला गेले तर दारात ढकलाढकली. "दार लागलं, आई." पोलिसाला दार लागत नाही, दारामागचा माणूस लागतो. एवढं कळतं मला. चहा निववून दिला.
हे गेल्यापासून रात्री जिन्यावर पाऊल वाजेपर्यंत मला झोप नाही. ती जागा त्याला मिळू दे.

५ नोव्हेंबर
अमारा रोज धाकट्या बहिणीला घेऊन येते. पंधरा वर्षांची, लांब पावलं टाकणारी. आईवडील नायजेरियाचे, पण ही जन्मली इथेच आणि बोलते अस्सल नासकरांसारखी. गाड्या थांबेपर्यंत मला सगळं सांगून टाकते. कोण कुणाशी बोलत नाही, गणिताच्या सरांनी कुठला विनोद तिसऱ्यांदा केला. आज सांगितलं की एका मुलाने दुसऱ्याचा फोन हिसकावून कालव्यात टाकला. नावासकट.
संध्याकाळी जेवताना मी सहज सुरुवात केली. नि.ने हातातला घास ताटात ठेवला.
"आई, थांब. नाव सांगू नकोस."
"का रे? मी काय पेपरात छापतेय?"
"नाव कळलं की मला काहीतरी करावं लागतं. माहीत असून गप्प बसलो तर ती माझी चूक."
"मग पोलिसाच्या आईने बोलायचं तरी कशावर? हवेवर?"
"हवेवर बोल. हवेवर केस होत नाही."
हसलो दोघं. पण उरलेलं जेवण पावसावर झालं.

१२ नोव्हेंबर
आज सार्जंट आणि नि. शाळेतली खोली बघायला आले. परत जाताना नि. मुद्दाम रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. टोपी, निळं जाकीट, बूट असे की तोंड दिसावं. मी पिवळ्या कोटात, हातात पाटी. मॉरीन म्हणाली, "बघा, दोघंही ड्यूटीवर!" इतकी ताठ मी लग्नातही उभी राहिले नसेन.
अमारा तेवढ्यात आली. रस्त्याच्या मधोमध थबकली. बहिणीचा हात धरून पलीकडच्या फुटपाथवर गेली.

१३ नोव्हेंबर
"तो तुमचा मुलगा आहे, मिसेस पी?" अमाराने विचारलं.
"हो!" मी आनंदाने सांगितलं.
"तुम्ही कधी बोलला नाहीत."
बस. बहिणीला घेऊन निघून गेली.

२० नोव्हेंबर
आठवडाभर नुसतं गुड मॉर्निंग. फराळाचा डबा तिच्यासाठी आणला होता, थँक यू म्हणून घेतला, उघडून बघितला नाही. दुसरी पोरंही मी जवळ आले की आवाज खाली करतात.
मला रागच आला. माझ्या पोराने हिचं काय वाकडं केलं? मॉरीनला विचारलं. ती म्हणाली, पहिल्या लॉकडाऊनमध्ये अमाराच्या मोठ्या भावाला गार्डांनी एकाच आठवड्यात तीन वेळा रस्त्यात अडवलं. हॉस्पिटलात कामाला आहे तो, खिशात कामावर जायच्या परवानगीचं पत्र होतं. गोऱ्या सोबत्याला एकदाही नाही विचारलं.
"अडवणारा निखिल नव्हता," मी म्हटलं.
"नव्हताच गं. पण जाकीट तेच ना."
मी पाटी उचलून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.

१९ जानेवारी २०२१
यांना जाऊन आज पाच वर्षं. शाळा बंद, पाटी कोपऱ्यात. सातवीनंतर शाळा सुटलेली माझी. इंग्रजी वाचायला शिकले ते नि.च्या चौथीच्या पुस्तकांतून. हे हॉटेलातून कांद्याचा वास घेऊन यायचे, बूट काढता काढता विचारायचे, "आज कितवा धडा?" कुठलाही सांगितला तरी "वा!" म्हणायचे. स्वतःला एक अक्षर येत नव्हतं त्यातलं.
आज गोडाचं केलं. नि.ने फोटोला हार घातला आणि ड्यूटीवर गेला.
शाळेचा मेल आलाय. गार्डच्या विषयावर झूमवर सभा. पालक, शिक्षक, मुलांचे प्रतिनिधी, आणि फाटकावरची माणसंसुद्धा. म्हणजे मी.

९ फेब्रुवारी
सभा झाली. आठवतंय तोवर लिहून ठेवते.
नि. वरच्या खोलीत, पडद्यावर सार्जंटच्या शेजारच्या चौकटीत; मी खाली स्वयंपाकघरात. दोघांचे माइक एकदम चालू झाले आणि शिट्टीसारखा असा आवाज घुमला की मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "कुणीतरी एकाच घरात आहे वाटतं." सगळे हसले. मी मेले लाजेने.
एक बाप म्हणाला, आज दात पडला, उद्या कुणाचा जीव गेला तर जबाबदार कोण? खरं आहे. माझं पोर आत असतं तर मीही हेच विचारलं असतं. एक आई म्हणाली, माझ्या मुलाला रस्त्यावर अडवतातच, आता वर्गाबाहेरही का? तेही खरं. अमारा मुलांच्या वतीने बोलली. थोडंच. "आम्ही घाबरलो तर कुणाकडे तरी जातो. तो माणूस गार्ड असेल तर जाणार नाही."
सार्जंट म्हणाला, उलट गार्ड निखिलकडे मुलं मोकळेपणाने येतील. तो ऐकून घेईल, मदत करेल. नि. मान हलवत होता.
बाईंनी विचारलं, कुणाला आणखी काही? मी हात वर केला. माझं इंग्रजी जसं आहे तसं.
"गार्ड," मी म्हटलं. निखिल म्हटलं नाही. "मैदानात दोन पोरांची ढकलाढकली झाली आणि कुणी विश्वासाने तुम्हाला नावं सांगितली, तर ती तुम्ही स्वतःजवळ ठेवू शकाल का?"
वरच्या खोलीत खुर्ची कुरकुरली ती मला छतातून ऐकू आली. बघू, प्रसंगावर असतं, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. कुणी पकडलं नसतं.
"नाही," नि. म्हणाला. "शिक्षक दोघांना समोर बसवून बोलतील आणि मिटेलही. मला नावं कळली तर ती वर कळवावी लागतील, आणि एकदा कळवल्यावर पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही. हे आधीच सांगितलेलं बरं."
सार्जंटने चष्मा काढून पुसला. मॉरीनने खाली चॅटमध्ये लिहिलं, फेअर प्ले टू युअर मॅन, म्हणजे शाब्बास त्याची.
सभा संपली. नि. जिना उतरून आला, फ्रिजला टेकून उभा राहिला.
"सगळ्यांसमोर विचारलंस."
"घरात विचारलं असतं तर 'जेव गप' म्हणाला असतास."
"मला ती जागा हवी होती, आई."
"मलाही. तुझ्यापेक्षा जास्त."
पाणी प्यायला आणि वर गेला. मी भांडी घासली. ऊर भरून आला होता. साहेब शेजारच्या चौकटीत बसलेला असताना पोरगा खरं बोलला. यांना सांगायला हवं होतं कुणीतरी.

१२ फेब्रुवारी
नि. तीन दिवस हो-नाही एवढंच बोलतोय. आज आपणहून म्हणाला, सार्जंट म्हणे, "छान आरामाची नोकरी तोंडाने घालवलीस." आणि मग कोपराला कोपर लावलं.
"म्हणजे रागावला की नाही?"
"मला तरी कळलं का!"
भाजी पुन्हा मागून घेतली. मिटलं असावं.

१२ एप्रिल
आज सगळी शाळा परत भरली. पोरं उंच झालीत. अमाराची बहीण धावत येऊन बिलगली, आणि एकमेकांना शिवायचं नाही म्हणून लगेच मागे सरली. अमारा तिथेच थांबली.
"मिसेस पी, तो प्रश्न तुम्ही दोघांनी आधी ठरवला होता का?"
"ठरवला असता तर पोरगा तीन दिवस रुसला असता का?"
"गार्ड रुसतात?"
"हा रुसतो. वांगं केलं तरी रुसतो."
हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मग गणिताच्या सरांचा विनोद. तोच.

१९ मे
शाळेच्या बोर्डाचं एकमत झालं नाही. अर्धे हो, अर्धे नाही. सप्टेंबरात पालकांचं मतदान घेऊन ठरवणार. दुसरं कुणी समोर आलेलं नाही, खोली अजून रिकामी आहे. म्हणजे जागा गेलेली नाही. हे कळल्यापासून माझं मन पुन्हा तिकडे धावतंय. काल रात्री नि. कुठे होता ते मी विचारलं नाही. बाहीला चिखल होता.

२८ मे
सकाळी फाटकाशी होते. नि. रात्रपाळी करून थेट तिकडेच आला, साध्या कपड्यांत, हातात दूध आणि पाव. "किल्ली विसरलो, आई." मी कोटाच्या खिशात शोधतेय तोवर अमारा आली. आज पलीकडे गेली नाही. त्याच्याकडे सरळ बघून म्हणाली,
"शाळेत गार्ड आला तर तूच येणार?"
"कदाचित."
"तू ठीक आहेस. तू आलास तर मला चालेल." मग बहिणीचं दप्तर नीट करत म्हणाली, "पण कायम तूच थोडाच असणार?"
मी पाटी वर केली, गाड्या थांबल्या, दोघी गेल्या.
तो जाईना. म्हणाला, सार्जंटने विचारलंय, सप्टेंबरसाठी त्याचं नाव ठेवायचं की काढायचं. सोमवारी सांगायचंय.
"मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी देतील. तो कसा असेल कोण जाणे. मी हो म्हटलं तर..." दूध-पाव या हातातून त्या हातात केले. "तू सांग ना, आई."
लहानपणी मोजे कुठे आहेत विचारायचा तसा चेहरा. मला हो म्हणायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं.
म्हटलं, "वर्दी तुझी आहे. तू ठरव."
किल्ली घेऊन गेला. मॉरीन म्हणाली, काय देखणं पोर आहे गं तुझं. म्हटलं, आहेच.
आता दुपार. वर झोपलाय. वरण-भात झाकून ठेवलाय. उठल्यावर मी विचारणार नाही.