उत्साह: दहापैकी पाच

तीर्थस्वरूप इंगरताईस,

बुटांवरचं बर्फ दारातच झटकून धाकट्या आर्व्हिडचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात माणसाचे सांधे मोकळे होतात आणि जीभही, असं आपल्या मिनेसोटात म्हणतात. तेव्हा गुडघ्याचं खरं काय ते कळव, बाकीचं नको. दाजींना रक्तदाब विचारला म्हणून सांग. इकडे सगळं बरं आहे. गाई बऱ्या आहेत. मार्लिस निवडून आली. काल छपराची गळती काढली.

आता तू म्हणशील, गाढवा, तिसरी बातमी पहिली लिहायची! पण गुडघ्याच्या आधी निवडणूक लिहिली असती तर आई स्वर्गातून चप्पल घेऊन खाली आली असती. शिवाय एवढ्यात आनंद करायची मला भीती वाटते. ताई, दोन महिने मला जेवण गोड लागलं नव्हतं. मंगळवारी रात्री निकाल लागला, आणि त्यानंतर मी एकट्याने अर्धा पाय संपवला (खायचा, सफरचंदाचा. तुझ्या गुडघ्याच्या बातमीनंतर गैरसमज नको).

घोटाळा सप्टेंबरात एका फोनने झाला. तुझी भावजय राज्याच्या विधानसभेला उभी होती हे तुला ठाऊकच आहे. राष्ट्राध्यक्ष आमच्या पक्षाचे, आणि मध्यावधी निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाची बिनपाण्याने हजामत व्हायची हा रिवाज, म्हणून आमचे पुढारी आधीच धास्तावलेले. त्यांनी घरोघर फोन लावले. मी गोठ्यातून येतो तोच एक गोड आवाज विचारतो, "मतदानाबद्दल तुमचा उत्साह किती? शून्य ते दहा." आता तूच सांग, भल्या माणसाने काय म्हणावं? दहा म्हणणारा एक तर प्यालेला असतो किंवा टेक्सासचा. मी म्हटलं, "पाच तरी असेल." (मनातल्या मनात मला ते जरा फुशारकीचंच वाटलं होतं.) शेजारच्या लॉइड स्कोगस्टॅडने "चार" सांगितलं, आणि तेही त्या दिवशी हवा चांगली होती म्हणून. त्याच्या म्हाताऱ्या आईने "माझी काही तक्रार नाही" एवढंच सांगून फोन ठेवला. सगळ्या तालुक्याने हेच केलं. दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात छापून आलं की आमच्या भागात मतदारांच्या उत्साहाचा दुष्काळ आहे आणि ही जागा गेल्यात जमा.

मग पक्षाने राजधानीहून, सेंट पॉलहून, ब्रिजेट नावाची बाई पाठवली, उत्साह वाढवायला. बाई लाघवी, पण बोलताना दोन्ही हात हवेत, त्यामुळे आमची मांजर फळीवरून खाली येईना. ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "मार्लिस, काय सांगू, खुद्द तुमच्या घरच्या नंबरवरून पाच आलेत!" मार्लिस कॉफी ओतत होती. तिने माझा कप अर्धाच भरला. म्हणाली, "हं. वेगळंच आहे हे." ताई, तू इथली आहेस. "वेगळंच आहे" ही इथली सगळ्यांत मोठी शिवी, हे तुला सांगायला नको. मी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातून "गाईंना पाहून येतो" एवढंच बाहेर पडलं.

त्यानंतर घरात शांतता. (तशी नेहमीच असते, पण ही थंड होती.) बोलणं जमेना म्हणून मी कामाला लागलो. गवताचे मोठे गठ्ठे रस्त्याकडेला रचले आणि त्यांवर पांढऱ्या रंगात तिचं नाव लिहिलं, एका गठ्ठ्यावर एक अक्षर. रात्री कालवडींनी कुंपण मोडलं आणि पहिली दोन अक्षरं खाल्ली. सकाळी लॉइड गाडी थांबवून म्हणाला, "काय रे, बायकोचं नाव विसरलास की गवत संपलं?"

त्यातच ब्रिजेटने शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये जल्लोषसभा ठेवली. बँड, फुगे, सगळं. लोक झाडून आले आणि पाठीमागच्या रांगांत हाताची घडी घालून बसले. पुढच्या रांगा अर्थातच रिकाम्या. मार्लिस रस्ते, शाळा आणि दवाखान्याबद्दल फार छान बोलली. लोकांनी माफक टाळ्या वाजवल्या आणि खुर्च्या आवरून ठेवल्या. जाताना लॉइड ब्रिजेटला मुद्दाम भेटून म्हणाला, "अगदीच टाकाऊ नव्हतं." त्याने स्वतःच्या लग्नातही एवढी स्तुती केली नव्हती, पण ती बिचारी पार्किंगमध्ये जाऊन रडली. मार्लिस मात्र त्या रात्री खिडकीशी बसून म्हणाली, "आर्व्हिड, मी उगाच उभी राहिले का?" ताई, तिला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "झोप आता, थंडी आहे." काळजात इतकं भरलेलं आणि तोंडातून हवामान!

मंगळवारी पहाटेपासून बर्फ. मतदानाला आम्ही दोघं दार उघडण्याआधी पोचलो, तर रांग रस्त्यापर्यंत! लॉइड आईला ट्रॅक्टरवर बसवून घेऊन आलेला. चर्चमधल्या बायका कॉफीचे थर्मास घेऊन उभ्या. कोणी कोणाशी राजकारण बोललं नाही, रस्त्यावरच्या घसरणीबद्दल बोलले. सगळा तालुका लोटला आणि मार्लिस चांगल्या मतांनी आली. बाकी राज्यात आमच्या पक्षाची ठरल्याप्रमाणे हजामत झाली. ब्रिजेटने लॉइडला गाठलं: "अहो, मग चार का म्हणालात?" लॉइड म्हणाला, "बाई, आठ म्हणालो असतो तर तुम्ही पुन्हा फोन केला असता."

माझा जीव भांड्यात पडला. दाजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
आर्व्हिड

ता. क. खरं काम राहिलंच. त्या पाचाचा हिशेब मिटलेला नाही. मार्लिसला एक पत्र लिही, की आर्व्हिडला तुझा फार अभिमान वाटतो, तू बोलायला उभी राहिलीस की त्याला टाळ्या वाजवायचंही भान राहत नाही. तुझी पत्रं ती मला वाचून दाखवते. तेव्हा मी "हो" म्हणून मान हलवेन.

ता. क. दुसरा. आता लिहू नकोस. पाकीट चिकटवायला मार्लिसकडे दिलं होतं आणि तिने आतलं वाचलं. माझी कॉफी काठोकाठ ओतली आणि डोळे पुसत कांदा चिरायला गेली. घरात कांदा नाही.

ता. क. तिसरा, मार्लिसच्या हातचा. ताई, तुम्ही लिहाच. मला ते ह्यालाच मोठ्याने वाचायला लावायचंय.